लॅपटॉपची जोडणी बिघडली तर?



या वेळचा पाठ व्याकरणाचा नाही. तो घरातल्या लॅपटॉपचा आहे. पण मराठीचा तास सोडून आम्ही कॉम्प्युटरचा तास का घेतो आहोत, ते आधी सांगतो.

आपल्या वर्गाच्या मागच्या स्नेहसंमेलनातली गोष्ट. वर्गातल्या एका काकूंनी सुट्टीत साताऱ्याला जाऊन आपल्या आजेसासूबाईंकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या होत्या आणि त्या कॅमेऱ्यात टिपल्या होत्या. कॅमेऱ्यातले छोटे कार्ड त्या वर्गात घेऊन आल्या. आम्ही ते वर्गाच्या जुन्या लॅपटॉपच्या खाचेत सरकवले. पडद्यावर ओव्या काही आल्या नाहीत. आली एक जर्मन सूचना, आणि तिच्याखाली दोन बटणे. घाई फार होती. बाहेर पालक खुर्च्या मांडून बसले होते. कुठले तरी बटण दाबून पुढे जावे म्हणून आम्ही पहिल्या बटणाकडे हात नेला, तोच तिसरीतला एक मुलगा ओरडला, "थांबा! ते सगळं पुसून टाकणार आहे!"

त्याने सूचना नीट वाचली होती. पहिल्या बटणावर 'फॉर्माटीरन' हा शब्द होता, म्हणजे कार्ड कोरे करणे. दुसऱ्यावर 'आबब्रेशन' होता, म्हणजे रद्द करणे. आम्ही दुसरे बटण दाबले, कार्ड अलगद बाहेर काढले आणि त्या दिवशी ओव्यांशिवायच कार्यक्रम केला.

कार्ड का उघडले नाही, ते पाठाच्या शेवटी सांगू. तोपर्यंत तुम्हीच ओळखण्याचा प्रयत्न करा.

१. पोर्ट म्हणजे काय?

लॅपटॉपच्या कडेला जी वेगवेगळ्या आकारांची भोके दिसतात त्यांना पोर्ट म्हणतात. बंदरालाही इंग्रजीत पोर्टच म्हणतात. बंदरात जहाज लागते आणि माल चढतो-उतरतो. इथे वायर लागते आणि माहिती चढते-उतरते. काही पोर्टांतून माहितीबरोबर वीजही जाते.

पूर्वी प्रत्येक कामाला वेगळे पोर्ट होते. प्रिंटरचे रुंद, माऊसचे गोल, मोडेमचे आणखी निराळे. नवी वस्तू जोडली की कॉम्प्युटर बहुधा बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. या कटकटीतून यूएसबीचा जन्म झाला. तिची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये निघाली. सात कंपन्यांनी मिळून हे काम केले. त्यात इंटेल कंपनीतर्फे पुढाकार घेणारे इंजिनियर अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. गायकवाडांच्या बडोद्याशी मराठी माणसाचे जुने नाते आहे, तेव्हा हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही!

यूएसबीची पिन पहिल्या खेपेस उलटी लागते, असा अनुभव प्रत्येकाला आहे. दोन्ही बाजूंनी बसणारी पिन करायची तर तारा आणि जोडण्या दुप्पट लागल्या असत्या आणि खर्च वाढला असता, असे भट्ट यांनी नंतर सांगितले. ती सोय २०१४ मध्ये यूएसबी-सी या लहान, लंबगोल पिनेने केली. तिच्यात २४ टोके असतात. युरोपीय संघाच्या नियमानुसार चार्जिंगसाठी हीच जोडणी नव्या मोबाईलना २८ डिसेंबर २०२४ पासून आणि नव्या लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पासून सक्तीची आहे.

एक प्रयोग करा. जुन्या चौकोनी यूएसबी पिनेत डोकावून पाहा. आत सोनेरी पट्ट्या दिसतील. चार पट्ट्या असतील तर बाहेरच्या दोन जरा लांब आहेत, मधल्या दोन आखूड. लांब पट्ट्या विजेच्या, आखूड पट्ट्या माहितीच्या. पिन आत जाताना आधी वीज जोडली जाते, मग बोलणे सुरू होते. बाहेर काढताना आधी बोलणे थांबते, मग वीज तुटते. म्हणूनच ही पिन चालू लॅपटॉपला लावता येते.

२. एका वेळी एकच बदल

जोडलेली वस्तू चालत नाही असे दिसले की आपण काय करतो? वायर ओढतो, दुसऱ्या भोकात घालतो, चार बटणे दाबतो, पुन्हा सुरू करतो, आणि हे सगळे एका दमात. मग ती चालू झाली तरी कशामुळे झाली ते कळत नाही, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच गोंधळ.

तेव्हा नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय झाले ते वहीत लिहायचे.

संशयित तिघे असतात: वस्तू, वायर आणि पोर्ट. समजा माऊस चालत नाही.

तोच माऊस दुसऱ्या पोर्टात लावा. तिथे चालला तर पहिल्या पोर्टावर संशय.

कुठल्याच पोर्टात चालला नाही, तर तो दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. तिथेही मुका राहिला तर दोष माऊसचा किंवा त्याच्या वायरीचा.

माऊस तिथे चालला आणि आपल्या लॅपटॉपला कुठलीच वस्तू चालत नसेल, तर आधी लॅपटॉप पुन्हा सुरू करा. मात्र विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत 'हेरुंटरफारन' म्हणजे बंद करणे निवडले तर कॉम्प्युटर बरेचदा अर्धवट झोपतो आणि जुनी अवस्था जपून ठेवतो. म्हणून 'नॉय श्टार्टन', म्हणजे नव्याने सुरू करणे, हे निवडावे.

तरीही जमले नाही तर 'गेरेटे-मानागर' उघडा. जोडलेल्या सर्व वस्तूंची यादी तिथे असते. एखाद्या नावापुढे पिवळा त्रिकोण दिसला तर वस्तू लॅपटॉपला दिसते आहे, पण तिच्याशी बोलायचे कसे ते त्याला कळत नाही. म्हणजे दोष बहुधा वायरीचा नसून ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रामचा आहे.

३. नेहमी सापडणारे बिघाड

डुगडुगती जोडणी. जर्मनमध्ये हिला 'वाकेलकोन्टाक्ट' म्हणतात. दुधाचा दात हलायला लागला की तुमच्या शाळेत त्याला 'वाकेलत्सान' म्हणतात ना? तोच हा 'वाकेल'. वायर जराशी हलवली की चालू, सोडली की बंद. आधी वायर बदलून पाहा, कारण वायर स्वस्त आणि पोर्ट महाग. नव्या वायरीनेही तसेच झाले तर पोर्ट आतून सैल झाले आहे. ते दुरुस्त करणाऱ्याचे काम आहे.

कचरा. दप्तरात आणि खिशात फिरणाऱ्या वस्तूंच्या पोर्टांत कापसाचे तंतू जातात. जेवणाच्या टेबलावर बसणाऱ्या लॅपटॉपमध्ये चिवड्याचा कणही सापडतो! लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरीच्या उजेडात पोर्टात पाहा आणि लाकडी टूथपिकने कचरा हळूच बाहेर ओढा. टाचणी किंवा सुई घालू नका. यूएसबी-सीच्या मध्यभागी पातळ जीभ असते, तिला धक्का लावू नका. तोंडाने फुंकरही मारू नका, फुंकरीबरोबर ओलावा आत जातो.

विजेची उपासमार. जुन्या यूएसबी पोर्टातून ५०० मिलिअँपियर वीज मिळते. आतून बहुधा निळ्या रंगाच्या यूएसबी ३ पोर्टातून ९००. एका पोर्टाला चार तोंडांचा हब लावून त्यावर हार्ड डिस्क, माऊस आणि पंखा असे सगळे जोडले तर ही वीज वाटली जाते. हार्ड डिस्क नुसती टिकटिक करत बसते आणि आपल्याला वाटते ती मेली. अशा वेळी हब काढा आणि डिस्क थेट लॅपटॉपला लावा.

सारख्या चेहऱ्याच्या वायरी. यूएसबी-सीच्या सगळ्या वायरी सारख्याच दिसतात, पण काही फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांतून फोटो जात नाहीत. पोर्टांचेही तसेच: काही यूएसबी-सी पोर्टांतून पडद्याचे चित्र बाहेर जाते, काहींतून नाही. त्यामुळे "पिन बसली" म्हणजे "जोडणी झाली" असे नाही.

प्रोजेक्टरवर चित्र नाही. आपल्या कार्यक्रमांत हे हमखास होते. आधी प्रोजेक्टरवर कुठले पोर्ट निवडले आहे ते पाहा. मग लॅपटॉपवर विंडोजचे बटण आणि पी एकत्र दाबा. 'डुप्लित्सीरन' निवडले की दोन्हीकडे तेच चित्र येते. वायरीची पाळी त्यानंतर.

वाय-फाय नाहीसे झाले. मोडेम उपटण्याआधी 'फ्लूगत्सॉयगमोडुस', म्हणजे विमानातली अवस्था, चुकून सुरू झाली आहे का ते पाहा. दहापैकी काही वेळा तरी लहान भावंडाचे बोट तिथे पडलेले असते!

४. खाचेत बसणारी कार्डे

लॅपटॉपमध्ये टेबलावरच्या कॉम्प्युटरसारखी मोठी कार्डे बसत नाहीत. म्हणून १९९० मध्ये बँकेच्या कार्डाएवढ्या कार्डाचे माप ठरले: ८५.६ मि.मी. लांब, ५४ मि.मी. रुंद, ६८ टोके. जाडी तीन प्रकारची: ३.३, ५ आणि १०.५ मि.मी. ते कडेच्या खाचेत सरकवले की लॅपटॉपला मोडेम मिळे किंवा नेटवर्क मिळे. जर्मनीत त्या काळी आयएसडीएन टेलिफोनचा जोर होता. ६४ किलोबिटच्या दोन वाहिन्या एकाच तारेवर चालत. बर्लिनच्या एव्हीएम कंपनीचे फ्रिट्झ कार्ड त्यासाठी घरोघरी माहीत होते, आणि लॅपटॉपच्या खाचेत बसणारे फ्रिट्झ कार्डही मिळे. तुमच्या आईबाबांपैकी कुणी तेव्हा इथे असेल तर त्यांना विचारा.

या कार्डांचा दुबळा भाग म्हणजे कार्डातून बाहेर येणारी बारीक शेपटी. तिला हिसका बसला की काम संपले. तळघरात असा जुना लॅपटॉप असेल आणि त्यातले फोटो काढायचे असतील, तर कार्ड सरळ आत जाते का ते पाहा. सोनेरी पट्टी असलेले नंतरचे कार्ड अगदी जुन्या खाचेत बसतच नाही, तशी मुद्दाम योजना आहे. जोर लावलात तर खाचेतल्या टाचण्या वाकतील.

२००३ पासून एक्स्प्रेसकार्ड आले आणि मागे पडले. आता बाहेरून घालायची कार्डे बहुधा कॅमेऱ्याचीच असतात. त्यांच्या बाबतीत दोन गोष्टी पाहाव्यात. एक, कार्डाच्या कडेला इवलेसे सरकते बटण असते. ते 'बंद'कडे असेल तर फोटो दिसतात पण नवे काही लिहिता येत नाही. दुसरी, कार्डाची पिढी. नुसते 'एसडी' २ जीबीपर्यंत, 'एसडीएचसी' ३२ जीबीपर्यंत आणि 'एसडीएक्ससी' त्याच्या पुढे. आकार तिघांचा एकच! नव्या खाचेला जुनी कार्डे वाचता येतात, पण जुन्या खाचेला नवी कार्डे वाचता येतीलच असे नाही.

लॅपटॉपच्या पोटातही कार्डे असतात: वाय-फायचे, साठवणीचे, मेमरीचे. हल्लीचे एम.२ कार्ड तिरके आत सरकवतात, मग खाली दाबून एका स्क्रूने बसवतात. इथेही दिसण्यावर जाऊ नये. एकाच आकाराच्या साठवणीच्या कार्डांत साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. खाच ज्या प्रकारची असेल त्याच प्रकारचे कार्ड तिला ओळखू येते. वाय-फायच्या कार्डाला दोन केसासारख्या तारा असतात. त्या निसटल्या की वाय-फाय दिसते, पण खोलीच्या बाहेर गेले की तुटते.

पोटातल्या कार्डाला हात लावण्याचे काम मोठ्यांचे. मुलांनी शेजारी बसून स्क्रू मोजून वाटीत ठेवावेत आणि मोबाईलवर फोटो काढत जावे, म्हणजे परत लावताना गोंधळ होत नाही.

५. इथली हवा

आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात पोर्टाच्या धातूवर हिरवट डाग पडतात. इथे उलटा त्रास. हिवाळ्यात हीटरने घरातली हवा कोरडी होते. लोकरीचा स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो. तुम्हाला तो नुसता गुदगुल्या करतो, पण कार्डावरच्या बारीक भागाला तो जाळू शकतो. म्हणून कार्ड हातात घेण्याआधी हीटरच्या रंग न दिलेल्या धातूच्या नळीला हात लावावा, गालिच्यावर बसू नये आणि कार्ड कडेने धरावे.

दुसरे, थंडीत गाडीत राहिलेला लॅपटॉप घरात आणल्याबरोबर सुरू करू नये. चष्म्यावर जशी वाफ धरते तशी ती त्याच्या आतही धरते. तासदोन तास तो तसाच राहू द्यावा.

६. पालकांसाठी चार ओळी

पावती जपून ठेवा. जर्मनीत दुकानातून घेतलेल्या नव्या वस्तूच्या दोषाची जबाबदारी विक्रेत्यावर दोन वर्षे असते. तिला 'गेवेअरलाइस्टुंग' म्हणतात. १ जानेवारी २०२२ पासून घेतलेल्या वस्तूंत पहिल्या एका वर्षात निघालेला दोष मुळातच होता, असे धरले जाते. तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्याची. त्या मुदतीत लॅपटॉप स्वतः उघडू नका, आधी दुकानात जा.

मुदत संपली असेल तर फेकण्याआधी गावातल्या 'रिपेअर कॅफे'त न्या. ही कल्पना २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला सुरू झाली आणि जर्मनीतही अनेक गावांत रुजली. जाणकार मंडळी तुमच्याबरोबर बसून दुरुस्ती करतात. जर्मन बोलण्याचा सरावही होतो. अगदीच मोडीत काढायचा झाला तर घरच्या कचऱ्यात न टाकता 'वेर्टश्टॉफहोफ'ला द्यावा, त्याआधी आतील माहिती काढून घ्यावी.

बॅटरी फुगली असेल, जळका वास येत असेल किंवा पोर्ट चटका बसण्याइतके तापत असेल, तर तपासणी तिथेच थांबवा. चार्जर काढा आणि जाणकाराकडे न्या.

७. त्या कार्डाचे काय झाले?

आता ओळखलेत का? काकूंचे कार्ड ६४ जीबीचे होते, म्हणजे 'एसडीएक्ससी'. वर्गाचा लॅपटॉप त्या पिढीच्या आधीचा. त्याच्या खाचेला कार्ड दिसत होते, पण त्यावरची लिपी वाचता येत नव्हती. जे वाचता येत नाही ते कोरेच असणार, असे त्याने ठरवले आणि "कोरे करून देऊ का?" असे विचारले. कार्डही बिघडले नव्हते आणि लॅपटॉपही नाही. पुढच्या शनिवारी एका काकांनी नव्या लॅपटॉपला नवा कार्ड-रीडर लावला. ओव्या लगेच सुरू झाल्या. मागे जात्याची घरघर, आणि मध्येच त्या आजी विचारत होत्या, "झालं का गं? बंद कर आता ते."

त्या आजी आता नाहीत. त्यांच्या ओव्या तीन घरांत ठेवल्या आहेत: एक प्रत इथे काकूंकडे, एक वर्गाकडे, एक साताऱ्याला. पालकांना आमची विनंती आहे की घरच्या ज्येष्ठांचे जे काही टिपले असेल त्याच्या निदान दोन प्रती आणि त्याही दोन ठिकाणी ठेवाव्यात. वायर नवी मिळते, लॅपटॉपही मिळतो.

आणि मुलांनो, पडद्यावरची जर्मन तुम्हाला घरात सगळ्यांपेक्षा लवकर वाचता येते. ती वाचून मराठीत सांगणे, हे तुमचे काम. समजले नाही तर 'आबब्रेशन' दाबा आणि मोठ्यांना बोलवा.

शब्दार्थ

अन्श्लुस: जोडणीची जागा, पोर्ट
श्टेकर: पिन
बुक्से: पिन जिच्यात बसते ती खोबण
श्टेकप्लात्स: कार्डाची खाच
लाउफवेर्क: ड्राइव्ह
आउसवेर्फन: कार्ड किंवा पेन ड्राइव्ह नीट बाहेर काढणे
वाकेलकोन्टाक्ट: डुगडुगती जोडणी

स्वाध्याय

१. घरच्या लॅपटॉपच्या दोन्ही कडांचे चित्र काढा. प्रत्येक पोर्टाचे नाव मराठी अक्षरांत लिहा.

२. कारणे द्या: (अ) पोर्टात तोंडाने फुंकर मारू नये. (आ) हिवाळ्यात कार्ड हातात घेण्याआधी हीटरच्या नळीला हात लावावा. (इ) एका वेळी एकच बदल करावा.

३. दोष कुणाचा ते ओळखा: पेन ड्राइव्ह डाव्या पोर्टात चालत नाही, उजव्या पोर्टात चालतो. माऊसही डाव्या पोर्टात चालत नाही.

४. तुमच्या आजीच्या लॅपटॉपला हेडफोन लावायचा आहे आणि ती फोनवर आहे. तिला काय काय करायचे ते पाच वाक्यांत मराठीत सांगा. आजीला "अगं, वायर काढ" म्हणता की "आजी, वायर काढा", ते तुमच्या घरच्या पद्धतीप्रमाणे लिहा. उत्तर लिहून झाले की खरोखर फोन करून पाहा, आणि आजीला कुठले वाक्य कळले नाही ते पुढच्या शनिवारी वर्गात सांगा.